पन्हा

अशोक चौकामागच्या गल्लीत
दुपारी अडीचला वीज गेली, माग थांबले,
आणि नान्ना दचकून जागे झाले.
चाळीस वर्षं खडखडाटात झोपलेला माणूस
शांततेला घाबरतो.

त्यांच्या छातीत, डावीकडे, कातडीखाली
काडेपेटीहून लहान डबी आहे.
ठोका चुकला की ती आठवण करून देते.
तिच्याशी बोलायचं ते बिनतारी,
आणि बिनतारी म्हणजे कुणीही.
समोरच्या गच्चीवरचा एखादा रिकामटेकडा
मोठी अँटेना रोखून म्हणेल,
मी इथंच आहे की, उशाशी.

म्हणून आम्ही पुण्यात, सहाव्या मजल्यावर,
डबीला संशय शिकवला.
ती रेडिओवर एक आकडा सोडते,
उत्तर मात्र आवाजात मागते,
वटवाघळांच्या पट्टीतल्या.
रेडिओला भिंत नाही, त्याची थाप पकडवत नाही.
आवाज गरीब. पायी येतो.
वीतभर यायला त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच,
कुणाला चिरीमिरी देऊन कमी होत नाही.

हे मी नान्नांना मराठीत सांगितलं, मग तेलुगूत,
मग हातवारे करत, त्यांचे कान मागांनी केव्हाच खाल्लेत.
अम्मा सुपात तंबाखू घेऊन बसलेली,
पान कातरता कातरता म्हणाली, पुरे गं, चहा टाक.
नान्ना म्हणाले,
"धोटा की.
गेला, आला. किती वेळात आला
त्यावरून डोळे झाकून पन्हा सांगतो मी.
चादर का टॉवेल."

यासाठी मी आठ स्लाइड केल्या होत्या.

मार्चमध्ये त्यांना मोरीत चक्कर आली,
तेव्हा पुण्यातून, रात्री एकला,
श्रीहरीच्या फोनमधून मी डबीला हाक मारली.
पासवर्ड बरोबर. नाव बरोबर. मुलगी बरोबर.
पडद्यावर आलं : अंतर अमान्य.
ते दोन शब्द माझेच,
एका शुक्रवारी घाईत लिहिलेले.
मग पहाटेची एसटी, टेंभुर्णीला दहा मिनिटं,
आणि तोवर काय, ते सांगत नाही.

आज रीडर हातात घेऊन त्यांच्या बनियनवर ठेवला.
त्यांना ऐकू आलं नाही, मलाही नाही.
हिरवा दिवा लागला.
बॅटरी चार वर्षं, ठोके बरे.
काम झालं होतं, हात काढता आला असता.

वीज आली. शेजारचा पहिला माग खडखडला,
मग दुसरा.
नान्ना घोरायला लागले.