दात का गं नाय

पोत्यात गुंडाळून आणला कॅमशाफ्ट
बेडगच्या भूपाल मगदुमानं,
काउंटरवर ठेवला तेव्हा काळ्या तेलाचा एक ओघळ
सरकत गेला पावतीबुकावरून
थेट उधारीच्या पानापर्यंत.

"मेव्हण्याच्या भंगार गाडीतनं काढलाय, वैनी. फुकट.
ह्याला बसंल ती चेन द्या,
शिकलगार मिस्त्री वाट बघाय लागलाय."

पलीकडच्या शेडमध्ये तीन दिवस जीप
तोंड उघडून उभी,
आणि मगदुमांच्या पानाच्या डालग्या तीन दिवस
दुसऱ्याच्या टेम्पोतून मिरज स्टेशनला.

मी चष्मा लावला.
ह्यांचा व्हर्निअर अजून वापरते.
त्याचं शून्य केसभर पुढं आहे,
तेवढं वजा करायचं. आता हाताला सवय झालीय.

नख फिरवून बघितलं एकेका उंचवट्यावरून.
खड्डा नाही. निळी झाक नाही.
बेअरिंगच्या जागा मापात.
पुढच्या पिनेचं भोकसुद्धा गोल.

"फुकटची गाय," मी म्हटलं.
"मग दात मोजा की," तो हसला.

ऑइल पंप फिरवणारे मधले दात
मी खडूनं खूण करून मोजले, दोनदा.
सगळे होते.
तिरपे होते, जसे असावेत.
फक्त उलट्या अंगाला तिरपे.

कपाटातून आमचा चेनवाला कॅम काढून
शेजारी ठेवला. लांबी तीच, कंपनी तीच,
नंबराच्या शेपटाला एक अक्षर वेगळं.
एकाच्या दातांचा भांग डावीकडं,
दुसऱ्याचा उजवीकडं.

"हा गिअरवाल्या इंजिनातला हाय, भूपालराव.
दोन चाकं दातात दात घालून फिरली
की एक सुलटं, दुसरं उलटं.
चेन लावली की दोघं एकाच दिशेनं.
ह्याचं सगळं उलट्या फिरतीसाठी घासलंय."

"आनि तसाच बसवला तर?"

"बसंल की. बसायला काय,
कशातबी काहीबी बसतंय."

तो ऑइलच्या डब्यावर बसला.
मेव्हण्याला फोन लावला,
आवाज मोठा होता, मला ऐकू आलं:
लोखंड ते लोखंड, बाई काय सांगतीय.
त्यानं फोन ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही,
पाकिटातल्या नोटा मात्र
खिशातल्या खिशात मोजल्या.

मग मी एकेक काढत गेले.
कॅम. वरचं चाक बेचाळीस दातांचं.
खालचं एकवीस.
चेन, टेन्शनर, कव्हरचं पॅकिंग.
"खालचं जुनंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला,
"बगा कसं चकाकतंय."

मी त्यावर नवी चेन टाकून ओढली.
ती दाताच्या पोटात न बसता
वर वर चढत गेली.
झिजलेला दात गळासारखा वाकतो,
आणि चकाकी झिजल्याचीच असते,
हे मला कुणी शिकवलं ते सांगितलं नाही.

खालचंही नवं दिलं.
निम्मे रोख, निम्मे त्या तेलकट पानावर.

दुकान बंद करून शेडकडं गेले,
टॉर्च धरायला कुणी नव्हतं म्हणून.
शिकलगारांनी ठिपक्यासमोर ठिपका आणला,
चेन चढवली, पाना लावला,
आणि हातानंच फिरवत राहिले, कान आडवा करून.
खालचं दोन वेढे, वरचं एक.
कुठं अडलं नाही.
"परत एकदा," मी म्हटलं.
त्यांनी काही न बोलता परत फिरवलं.

सकाळी फुकटचा कॅम पुसला,
तेल लावलं, कागदात गुंडाळला,
सुतळीनं चिठ्ठी बांधली:
फिरत उलटी. दात शाबूत.
मालक, मगदुमांचा मेव्हणा.
गिऱ्हाईक आल्यास विचारून देणे.

आणि खालच्या खणात आडवा ठेवला,
तिथं असे आणखी चार आहेत.