मीठ घातलेलं दूध

दारखानमध्ये सकाळ होते ती पाइपांतून.
आधी भिंतीत कुणीतरी खाकरल्यासारखं,
मग उकळतं पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढतं
आणि लव्हेल उठून खिडकी उघडतो.
बाहेर उणे एकतीस, आत आम्ही घामाघूम.
"ह्या हीटरला बटणच नाही," म्हणतो.
चौदा महिने झाले, रोज म्हणतो,
जणू रात्रीतून कुणी बसवून जाणार होतं.

बाहत्तरीचा माणूस. आयडाहोत आमचं बीटचं शेत,
डोळे मिटून ट्रॅक्टर खोलायचा, जोडायचा.
इथे त्याच्या छातीवर काळी पाटी: एल्डर.
माझ्या: सिस्टर.
एकावन्न वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची बहीण झाले,
ह्यावर आम्ही विमानातच हसून घेतलं.

मंगळवारी मिशनच्या पोरांच्या खोल्या तपासायच्या.
सिंकखाली बुरशी, उशीखाली मोजे,
पाण्याच्या फिल्टरवर बदलल्याची तारीख,
पुढच्या महिन्याची.
मी ओरडत नाही. केळ्याचा केक मेजावर ठेवते
आणि बुरशीकडे बोट दाखवते.
लव्हेल नळाचा वॉशर काढतो, एकाला पाना धरायला देतो,
आणि ते फिजीचं पोरगं न विचारता सांगून टाकतं
की तिचं लग्न ठरलं. दुसऱ्याशी.
"घट्ट धर," एवढंच म्हणतो लव्हेल. पान्याबद्दल.

शनिवारी नोमुन्दारी येते कीबोर्ड शिकायला.
आधी पाच मिनिटं तिची गारठलेली बोटं माझ्या हातांत,
मग सूर.
मला तिच्या भाषेतले एकोणपन्नास शब्द येतात,
त्यातले अकरा भाज्यांचे.

समोरच्या दारातली दुलमा,
पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायची म्हणे.
पहिल्याच आठवड्यात थर्मास घेऊन आली:
दूध घालून उकळलेला खारा चहा.
आम्ही चहा घेत नाही, हे सांगायचं कसं?
लव्हेलनं छातीवर हात ठेवला, मान हलवली.
ती समजली, म्हातारा आजारी आहे.
संध्याकाळी मेंढीच्या शेपटीचा रस्सा आला.
शेवटी नोमुन्दारीनं उलगडून सांगितलं.
"चहा नाही? कधीच नाही?"
असं बघितलं आमच्याकडे
जसं घर जळालेल्यांकडे बघतात.
दुसऱ्या दिवशी तोच थर्मास.
दूध होतं, मीठ होतं, पत्ती नव्हती.
चर्चला मात्र ती कधी आली नाही, येणारही नाही.

जानेवारीत डेल्मर गेला, लव्हेलचा थोरला भाऊ.
तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे आमचे रात्रीचे दोन.
मिठाच्या बरणीला फोन टेकवून आम्ही अंत्यविधीला बसलो,
चांगले कपडे घालून, पाट्या लावून.
उचलता उचलता शवपेटी पडद्यावर थिजली,
चार पुतणे वाकलेलेच राहिले.
मग नुसता आवाज आला, प्रार्थनागीताचा,
आणि लव्हेल गायला लागला,
अर्धी ओळ मागे.

सकाळी दुलमा दारात. भिंतीतून ऐकलं असणार.
फोनमधला फोटो बघितला. "अख?"
थोरला भाऊ. माझ्या एकोणपन्नासातला.
मी मान हलवली.
ती आमच्या उघड्याच खिडकीपाशी गेली, हातात दूध आणि पळी.
अमेरिका कुठे, असं हातानंच विचारलं.
लव्हेलनं आधी फ्रीजकडे बोट केलं,
मग विचार करून, पायाखाली.
तिनं दूध आभाळाकडे उडवलं,
एकदा, दोनदा, मी मोजायचं विसरले.
खाली पडेपर्यंत थेंबांचे दाणे झाले होते.

रविवारी अहवाल. रकाने ठरलेले:
भेटी, धडे, नवे आलेले, गाडीचे किलोमीटर.
मी पेन धरून बसले.
"हे कुठे लिहू?"
लव्हेल स्टुलावर उभा, दिव्याची वायर दातांत.
"दुरुस्तीत लिही," म्हणाला.

किलोमीटर लिहिले. एकशे बारा.
थर्मास अजून ओट्यावर आहे.
रिकामं भांडं परत देऊ नये म्हणतात,
इथेही.