आतला खिसा

पार्सल फोडलं तेव्हा आधी मला शिवण दिसली.
मालखान्यातल्या कुणा शिपायानं घातलेला धावदोरा,
तोही तिरका, गाठीवर लाखेचा लाल थेंब.
असं कापड आमच्या दुकानातून गेलं असतं
तर वडिलांनी पट्टीनं बोटं फोडली असती.

मग जाकीट निघालं. करडं.
कॉलरला गराडूच्या तेलाचा वास,
दोन हिवाळे सीलबंद राहूनही गेला नव्हता.
म्हणालो, हो, माझंच काम. निकुंभ टेलर्स, रामबाग.
माझी टीप मी ओळखतो.

दुर्गेश पिंजऱ्यात. सवयीनं नजरेनंच माप घेतलं:
छाती अडतीस झालीय. जाकीट छत्तीसचं.

टेबलावर सुरा, खिशाशेजारी.
सुरा दहा इंच, खिसा साडेदहा.
सरकारी वकील म्हणाले, मुद्दा एवढाच,
ठेवला होता की लपवला होता?
सराफ्यात गराडू कापणाऱ्या पोराजवळ सुरा असणारच.
ठेवला तर धंदा, लपवला तर कलम.

"बाहर से दिखता है क्या, मास्टरजी?"

बटणं लावून जाकीट माझ्या हातात दिलं, सुरा आत.
मी वरून तळवा फिरवला.
कुठे उंचवटा नाही, सुरकुती नाही.
बकरम दुहेरी, खिसा बगलेकडे किंचित कलता,
वजन सगळं शिवणीवर, कापडावर काही नाही.
दिसतं म्हणालो असतो
तर पोराला थोडी वाट मिळाली असती
आणि चाळीस वर्षांच्या हाताला बट्टा.
"नहीं साहब. नहीं दिखता."
खरं सांगतो, मान जरा ताठ झाली होती.

बचावाच्या वकीलबाई नवीन असाव्यात.
विचारलं, आतला खिसा सगळ्यांनाच शिवता?
हो. पैशाला, चष्म्याला, कुणी गुरूचा फोटो ठेवतं.
बस. एवढंच विचारलं.

रामकन्याबाई जाकीट घेऊन आली होती, ते कुणी विचारलं नाही.
म्हणाली होती, दिसू देऊ नका, मास्टरजी.
रात्री अडीचला सामान आवरून
कृष्णपुऱ्याच्या पुलावरून एकटा येतो,
मागच्या महिन्यात दोघांनी गल्ला हिसकला.
पण हात घातला की लागला पाहिजे. लगेच.
मी कानावरची पेन्सिल काढून माप लिहिलं होतं.
पन्नास रुपये घेतले होते.

आज ती मागच्या बाकावर, पदर तोंडाशी.
माझ्याकडे एकटक.
सांगा म्हणत होती की सांगू नका,
चष्मा पुसूनही कळलं नाही.

विचारलं नाही, सांगितलं नाही.
जबानीत एक अक्षर खोटं नाही, खाली माझी सही आहे.
तिचं ते वाक्य माझ्याजवळ आहे, डाव्या बाजूला.
लपवलंय असं नाही.
ठेवलंय.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं, लग्नाचा कोट,
म्हणालं, आतून एक खिसा काढा.
कशाला? मी विचारलं.
असं मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.
तो जरा थांबला. म्हणाला, चष्म्याला.
त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता.
मी साडेसहा इंच लिहिलं.