पस्तीस बाय पंचेचाळीस

परवाना कचेरीसमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो.
कचेरी नवाला उघडते, मी सातला,
कारण रांग सहाला लागते.

सेतुबालमध्ये नियम बदलला की
मंत्र्याच्या आधी कळतं असं नाही म्हणत,
पण टीव्हीच्या आधी मला नक्की कळतं.
काचेवर टकटक होते.
कुणी म्हणतं, दोन नाही, तीन प्रती हव्यात आता.
कुणी म्हणतं, भाडेकरारावर शिक्का हवा, तोही निळा.
कुणी काहीच म्हणत नाही, नुसता अर्ज पुढे करतं
जो काल रात्रीपासून जुना नमुना झालाय.

प्रतीचा भाव मी वाढवला नाही.
तशी मी काही संत नाही,
घाईच्या फोटोला पन्नास सेंट जास्त घेते.

हसू नका, मी सांगते.
हा नियम अजून बदललेला नाही.
चष्मा काढा. कान दिसू द्या.
माणसं इतकी मुकाट ऐकतात
की मलाच ओशाळल्यासारखं होतं.
रासबेरीच्या पॉलीहाऊसमधला भीमलाल
श्वाससुद्धा रोखून धरतो.
सांगावं लागतं, घे बाबा श्वास,
मशीनला चालतो.

डंडीची आयल्साबाई मार्चमध्ये आली होती, नवऱ्यासोबत.
दोघं निवृत्त, दोघांचा मिळून एक अर्ज,
पेन्शन त्याची, ती त्याच्या नावाखाली.
फर्गसला हसू आवरेना.
सहा वेळा बटण दाबलं. सातव्यांदा
त्याने खिडकीतून बाहेरच्या रांगेकडे पाहिलं
आणि बरोब्बर नियमात बसणारा चेहरा आला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात.
इथे सहा महिन्यांत फोटो शिळा होतो.
मग परत या, परत बसा, परत कान दाखवा.

ऑक्टोबरात ती एकटी आली.
पेन्शन आता विधवेची, म्हणजे निम्मी.
किमान उत्पन्नाचा आकडा मात्र
उन्हाळ्यातच वर सरकलेला.
आणि खिडकीवरच्या पोराने
(पोरगा वाईट नाही, त्याचं शाळेचं ओळखपत्र
माझ्याच दुकानात निघालंय)
सांगितलं म्हणे, मुख्य अर्जदाराने समक्ष हजर राहायला हवं.
आमच्या भाषेची क्रियापदं तिला अजून वळत नाहीत.
"ते बोलतो," ती मला म्हणाली,
"फर्गस आला पाहिजे."

तिला स्टुलावर बसवलं.
सवयीने म्हटलं, हसू नका.
आणि ती हसली.
सहा वेळा.

माझा बाप चोरवाटेने फ्रान्सला निघाला
तेव्हा त्याने स्वतःचा एक फोटो मधोमध फाडला होता.
अर्धा आईकडे, अर्धा त्याच्या बुटात.
डोंगर ओलांडून पोचला की त्याचा तुकडा टपालाने यायचा,
दोन्ही कडा जुळल्या
की मग वाटाड्याला पैसे द्यायचे.
त्या काळी कागदपत्र म्हणाल तर एवढंच.
अकरा आठवडे ते अर्धं तोंड
पिठाच्या डब्यात होतं.
एक डोळा, एक कान, निम्म्या मिशा.
भाकरी थापताना आई त्याच्याकडे बघायची नाही.

हे काही मी आयल्साला सांगितलं नाही.
मागे गिऱ्हाईक उभं होतं
आणि टोनर संपत आला होता.

मार्चची फाइल अजून संगणकात होती.
चार तिचे, चार त्याचे,
एकाच कागदावर छापले. पैसे एकाचेच घेतले.
त्याचे कशाला, तिने विचारलं,
आता अर्जाला लागत नाहीत.

नियम बदलतात, मी म्हटलं.

तिने तो कागद न कापता
पाकिटात घातला, पाकीट फाइलमध्ये,
फाइल कोटाच्या आत,
आणि रस्ता ओलांडून रांगेत उभी राहिली.
सत्तावन्नावा नंबर.
साडेबाराला खिडकी बंद होते.
निदान कालपर्यंत तरी होत होती.