वळणा-वळणाचं तापमान

पहाटे साडेतीनला ओतिल्या लाकडाचा ट्रक सुरू करते,
दक्षिण चिलीच्या डोंगरात, जुलैच्या थंडीत.
आरशाला तारेनं बांधलेला थर्मामीटर आहे.
बांधणारा बर्नाबे गेला, तार गंजली,
पारा तेवढा शाबूत.

वखारीपाशी: अधिक तीन.
चांदण्या इतक्या जवळ
की टपावरची ताडपत्री त्यांना घासेल.
वहीत ती आकडा लिहिते, पेन्सिलीनं,
कारण शाई खाली गोठते.

जुना हिशेब तिला पाठ आहे:
शंभर मीटर चढलं की
साधारण अर्धा-पाऊण अंश हरवतो.
म्हणून उतरणाऱ्याला ऊब भेटावी.
पण वारा नसलेल्या रात्री
जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन बसते,
गार हवा उतारावरून घरंगळत येते
आणि दरीच्या तळाशी साचते,
बशीत सांडलेल्या दुधासारखी.

दुसरं वळण: अधिक एक.
लाकडी पूल: उणे दोन.
क्रॉसच्या वळणावर धुक्याची कड येते,
सुरीनं कापावी तशी सरळ.
चाकं आधी बुडतात, मग दिवे,
मग ओतिल्या.

गावात: उणे नऊ.
आणि धूर.

प्रत्येक चुलीतून एक धूर निघतो, उमेदीनं.
वर जातो, फुगतो,
फुगता फुगता गार होतो,
आजूबाजूला बघतो
तर शेजारची हवा आपल्यापेक्षा ऊबदार.
मग जड होतो बिचारा,
पाहुण्यांच्या दारातून परतावं तसा परततो,
आणि ज्या घरातून निघाला
त्याच्या शेजारच्या खिडकीत शिरतो.

रेडिओवरचा माणूस म्हणतो, वातावरण स्थिर आहे.
ओतिल्याला हसू येतं.
मुलगा गावात स्थिरस्थावर व्हावा
म्हणून तिनं वीस वर्षं लाकूड ओढलं.
झाला. पत्र्याचं घर, चूल, बायको, बाळ.
आता नातू एलिसेओ रात्रभर
स्थिर हवेत खोकतो.

दोन ओंडके एकमेकांवर आपटले
की सुकं लाकूड टण्ण वाजतं, ओलं थप्प.
तिच्या ट्रकात या महिन्यात
थप्प जास्त आहे.
सुकवायला दोन उन्हाळे लागतात,
गिऱ्हाइकाला आज रात्र काढायची असते.
हे ती कुणाला सांगत नाही.
वहीतही नाही.

सून दारात उभी, तोंडावर कपडा.
"किती घ्यायचं, सासूबाई?"
ओतिल्या मागच्या ढिगातून
शोधून शोधून टण्ण वाजणारे काढते,
बारा निघतात, तेरावा फुटका.
उरलेले पुढच्या गल्लीत विकायचे.
पुढच्या गल्लीतही कुणी खोकतच असणार.

दुपारी ती नातवाला ट्रकात घालते,
काही न सांगता.
क्रॉसच्या वळणावर धुकं संपतं
आणि डोळे मिटावे लागतात इतकं ऊन.
खाली गाव नाही,
फक्त राखाडी पठार,
त्यातून देवळाचं एक टोक.
एलिसेओ खिडकीबाहेर हात काढतो.
"आजी, इथं उन्हाळा राहतो का?"
"राहतो. खाली उतरत नाही एवढंच."
तो श्वास घेतो, मोठा,
आणि खोकायचं विसरतो, दोनदा.

गेल्या ऑक्टोबरात वाऱ्यानं वखारीचं छप्पर नेलं होतं.
तीन आठवडे तिनं त्याला शिव्या दिल्या,
त्याच्या आईबापासकट.
आज वहीच्या कोऱ्या पानावर
ती आकडा लिहीत नाही,
लिहिते:
ये रे बाबा. पत्रे ने. कुंपण ने.
हे झाकण तेवढं हलव.

मग पान उलटून बघते,
पारा: अधिक चार.
हातावर बोट फिरवते.
एक केसही हलत नाही.