कोरी जागा

पान सरळ करू नकोस, मुली.
राहू दे तसंच, उफराटं.
मी वाचतो.

सना शहरात मोरी पिन्हासच्या ओसरीवर
पुस्तक एकच होतं, आणि आम्ही चौघं.
मधोमध चटईवर ते, भोवती आमचं कोंडाळं.
सुलेमान थोरला, अक्षरं त्याच्याकडे तोंड करून बसत.
सालेम आणि त्याचा भाऊ कडेला,
त्यांना ती आडवी दिसत, तापानं पडल्यासारखी.
माझ्या वाट्याला डोक्याकडची बाजू.
लामेद उंच मानेचं अक्षर म्हणतात;
माझं लामेद विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यागत
खाली लोंबायचं.

लग्नाचा करार मी उलटा धरून वाचला
तेव्हा वऱ्हाडाला वाटलं, नवरा निरक्षर.

तू विचारतेस, या जागा मोकळ्या का.
कसर नाही ही. ओलही नाही. हात लावून बघ,
कातड्यावर खरवडल्याची खूण नाही.
मायफळ, हिराकस, डिंक,
शाई त्यानं स्वतःच उकळली असणार.
सगळं लिहिलं, एक टिंब न चुकवता.
नाव तेवढं मागं ठेवलं.
ते असं बसल्या बैठकीला उरकत नाहीत.
आधी न्हायचं. बोरू नवा तासायचा.
मग मोठ्यानं म्हणायचं, स्वतःलाच ऐकू जाईल असं,
की आता मी नाव लिहितो आहे, नावासाठी.
म्हणून चार अक्षरांपुरती जागा हिशेबानं सोडली
आणि लहिया उठला.

हौद आटला असेल.
किंवा दारावर कुणी थाप मारली.
परत आला नाही, एवढं खरं.

तुमच्या यादीत लिहा : प्रत अपूर्ण.

मोरीच्या पुस्तकातही होत्या अशा जागा.
हे तेच पान, असं मी म्हणत नाही.
समासातला हा तुपाचा डाग मात्र
ओळखीचा वाटतो.

तिथं आलो की मोरी छडी वर धरायचा.
चौघांनी थांबायचं. एक श्वास.
सालेमनं एकदा विचारलं,
इथं देव नाही का?
आम्ही माना खाली घातल्या, आता छडी बसणार.
मोरीनं वाकून पुस्तक फिरवलं,
चटईवर, जात्यासारखं, गरगर.
कुणाची अक्षरं कोलमडली, कुणाची उठून बसली,
मला क्षणभर लामेदची मान दिसली, वर,
आणि मी ओरडलोच.

ती जागा?
ती चौघांनाही होती तशीच.

हं. आता फिरव पान,
तुला सोयीचं पडत असेल तर.