किल्ली

न्यू बेडफर्डला, धक्क्यामागच्या जाळ्यांच्या शेडमध्ये
गुरुवारी सातला आठ खुर्च्या.
कधी तीनच भरतात.

इल्डा कॉफी ओतते. "चौदा महिने," दुआर्ते म्हणतो
आणि मग शिंपल्यांच्या भावाबद्दलच बोलत राहतो.
कुणी अडवत नाही.

पाठदुखीवरची पहिली गोळी
प्रत्येकाला वेगळ्या डॉक्टरनं दिलेली.
तळ एकच.

नाकात मारायचा फवारा आता बोटीवर
लाइफजॅकेटशेजारीच लटकतो.
मागच्या हिवाळ्यात नव्हता.
आठवी खुर्ची तेव्हापासून
कुणी उचलून ठेवत नाही.

आज टेल्मो आला, दुसऱ्यांदा घसरून.
दारातच उभा. गेल्या खेपेला
इथली किटली विकून खाल्ली होती त्यानं.

इल्डानं खिशातून शेडची किल्ली काढली:
"पुढल्या गुरुवारी तू उघड.
मला उशीर होईल."

तिला कधीच उशीर होत नाही.